ओला असताना चमकतो, मग वाळल्यावर का नाही?

दगड पॉलिश करणारा टम्बलर महिनाभर फिरतो आहे. बाल्कनीत ठेवला तरी रात्री त्याची घरघर आतल्या खोलीपर्यंत येते. अखेर पॉलिशची फेरी संपते, पिंपाचं झाकण निघतं, पांढरट पाण्यातून पहिला अकीक बाहेर येतो आणि नळाखाली धरला की जीव हरखून जातो. आतल्या रेघा, मधला दुधी पट्टा, कडेची लालसर झाक, सगळं काचेतून बघितल्यासारखं. तो पंच्यावर ठेवून आपण पुढचे दगड धुवायला घेतो. पाच-सात मिनिटांनी पंच्यावरच्या त्या पहिल्या दगडाकडे लक्ष जातं, तर त्याच्यावर साय धरलेली. पुन्हा पाण्यात बुडवला की लखलखीत. वाळला की पुन्हा साय.

घरी दगड पॉलिश करणाऱ्यांकडून मला सगळ्यांत जास्त वेळा आलेला प्रश्न हाच: मग पॉलिश झालं की नाही झालं?

पुष्कळदा ते झालेलं असतं, पण झाकलेलं असतं. ते उघडं करण्यासाठी एक छोटी, तासाभराची, साबणाच्या पाण्यातली फेरी असते. चार आठवडे धीर धरणारी माणसं हा शेवटचा एक तास मात्र गाळतात, कारण यंत्राबरोबरच्या कागदावर त्याचा उल्लेख असला तरी एखाद्या ओळीचा असतो. हे प्रकरण त्या एका तासाबद्दल आहे. पण तो तास काय करतो हे कळायला आधी ओल्या दगडाचं गुपित उलगडायला हवं.

१. शहाबादी फरशी पुसल्यावर

शहाबादी फरशी आठवा. कोरडी असते तेव्हा राखाडी, निस्तेज. ओल्या फडक्यानं पुसली की काळसर, गर्द होते आणि खिडकीचा उजेड तिच्यात दिसायला लागतो. वाळली की पुन्हा राखाडी. फरशी तीच, उजेड तोच. मधल्या दोन मिनिटांत पाण्यानं काय केलं?

सपाट पृष्ठभागावर पडलेला प्रकाश एका दिशेनं परततो, म्हणून त्यात प्रतिबिंब दिसतं. खाचाखोचा असलेल्या पृष्ठभागावरून तो चहूकडे उधळतो, आणि उधळलेला प्रकाश डोळ्याला पांढरट दिसतो. खडीसाखरेचा खडा पारदर्शक असतो आणि तोच कुटला की पूड पांढरी होते, त्याचं कारण हेच. पदार्थ बदलला नाही, प्रकाश उधळणाऱ्या कडा वाढल्या.

आता थोडे आकडे घेऊ. हवेतून येऊन अकीकावर पडलेल्या प्रकाशाचे शंभरातले साधारण साडेचार भाग पृष्ठभागावरूनच परत फिरतात. दगड खडबडीत असेल तर हे साडेचारही भाग उधळले जातात आणि खालचा रंग त्या धुक्यात बुडतो. दगड ओला केला की पाणी खाचांमध्ये बसतं आणि वर स्वतःचा गुळगुळीत पडदा धरतं. या पडद्यावरून शंभरातले दोन भाग परततात, पण ते आरशासारखे, एका दिशेनं. पाण्यातून दगडात शिरताना खडबडीत भागावरून परत फिरतो तो जेमतेम अर्धा भाग. म्हणजे धुकं साडेचारवरून अर्ध्यावर आलं आणि वर दोन भाग चकाकी मिळाली, तीही पाण्याची, दगडाची नव्हे.

देवळातल्या काळ्या पाषाणाच्या मूर्तीला तेल लावल्यावर ती उजळून निघते, तेही असंच. तेल वाळत नाही म्हणून तो उजाळा टिकतो, इतकाच फरक. म्हणूनच यात्रेत किंवा थंड हवेच्या ठिकाणी दगड विकत घेताना तो आधी स्वच्छ रुमालानं घट्ट पुसून बघावा, रुमालावर तेलाचा डाग उमटतो का ते पाहावं.

यातून घरच्या कामाचा पहिला नियम निघतो. चमक कधीही ओल्या दगडावर तपासू नये. दगड धुऊन, पुसून, पंख्याखाली पूर्ण वाळवावा. मग ट्यूबलाइटखाली धरून नळीचं प्रतिबिंब दगडावर आणावं आणि त्या पांढऱ्या रेघेच्या कडा बघाव्यात. कडा सुरीनं कापल्यासारख्या असतील तर पॉलिश उत्तम. कडांना कापसासारखी लव असेल तर काहीतरी राहिलं आहे. नंतर दगडाचा अर्धा भाग ओल्या बोटानं ओला करावा. ओला भाग आणि कोरडा भाग यांत फरकच करता आला नाही, तर त्या दगडाचं काम पुरं झालं.

२. मोहरीच्या ढिगात नारळ

मागच्या प्रकरणांत आपण चार फेऱ्या पाहिल्या. पहिल्या तीन फेऱ्यांत सिलिकॉन कार्बाइडची पूड असते, धार लावायच्या काळ्या दगडात असते तीच. तिचा नंबर चाळणीवरून ठरतो: इंचात जितकी छिद्रं, तितका नंबर. म्हणून नंबर वाढला की कण बारीक. ६० नंबरचा कण पाव मिलिमीटरचा, बारीक रव्याएवढा. २२० नंबरचा कण ०.०६ मिलिमीटरचा, माणसाच्या केसाच्या जाडीच्या आसपास. ५०० नंबरचा साधारण ०.०२ मिलिमीटरचा. आणि चौथ्या फेरीतल्या पॉलिशच्या पुडीचा कण १ मायक्रॉनच्या घरातला, म्हणजे मिलिमीटरचा हजारावा भाग. ही पूड बहुधा ॲल्युमिनियम ऑक्साइडची असते. रसायन म्हणून हा आपला कुरुंदच, फक्त कारखान्यात बनवलेला आणि अतिशय बारीक.

आता प्रकाशाकडे बघा. आपल्याला दिसणाऱ्या प्रकाशाच्या लाटेची लांबी जांभळ्या टोकाला ०.४ मायक्रॉन आणि तांबड्या टोकाला ०.७ मायक्रॉन. पॉलिशचा कण अख्खा दगडात घुसत नाही. त्याचा चरा त्याच्या आकाराच्या एका लहानशा अंशाइतकाच खोल जातो. तो प्रकाशाच्या लाटेपेक्षा पुष्कळ उथळ असतो. ट्रॅक्टरच्या मोठ्या चाकाला रस्त्यावरची बारीक खडी जाणवत नाही, मुलाच्या स्केटच्या चाकाला तीच खडी पाडते. इतक्या उथळ चऱ्यांवरून प्रकाश ट्रॅक्टरसारखा निघून जातो. चरे असतात, पण प्रकाशाच्या लेखी नसतात.

मात्र खुद्द पुडीचा कण १ मायक्रॉनचा आहे, म्हणजे प्रकाशाच्या लाटेपेक्षा मोठा. त्यानं पाडलेला चरा प्रकाशाला जाणवत नाही, पण तो कण स्वतःच दगडाला चिकटून राहिला तर चांगलाच जाणवतो. ज्या पुडीनं चमक आणली तीच पूड वर बसून ती चमक झाकते. राखेनं घासलेलं पितळेचं भांडं नीट न विसळता पालथं घातलं, तर वाळल्यावर त्यावर पांढरे ओघळ दिसतात. भांड्याची घासणी चुकलेली नसते, विसळणं राहिलेलं असतं.

आणखी एक हिशेब करू, कारण शेवटच्या फेऱ्यांमध्ये स्वच्छतेवर इतका भर का देतात ते त्यातून कळतं. समजा पॉलिशच्या फेरीत २२० नंबरचा एकच कण चुकून राहिला. पॉलिशचा कण १ मायक्रॉनचा, हा ६० मायक्रॉनचा. पॉलिशचा कण दोन मिलिमीटरच्या मोहरीएवढा धरला, तर हा पाहुणा बारा सेंटिमीटरचा, म्हणजे नारळाएवढा झाला. मोहरीच्या ढिगात नारळ. आकारमानात तो साठ गुणिले साठ गुणिले साठ, म्हणजे २,१६,००० पट मोठा. असा एक कण आठवडाभर दगडांवरून लोळला तर काय होईल ते वेगळं सांगायला नको.

माझ्या पिंपात हा नारळ एकदा झाकणाच्या खोबणीत लपला होता. पिंप मी तीनदा धुतलं होतं, दगड एकेक करून ब्रशनं घासले होते. झाकणाखालची रबराची खोबण मात्र नुसती पाण्याखाली धरली होती. पॉलिशची फेरी संपल्यावर चौदा दगडांपैकी अकरांवर बारीक वाकडे चरे निघाले. मग त्या खोबणीतून नख फिरवलं आणि नखाखाली ती काळी करकर लागली. तेव्हापासून खोबणीला जुना टूथब्रश आणि नंतर नख, हा माझा शिरस्ता आहे. नखाला करकर लागली की धुणं पुन्हा पहिल्यापासून.

३. घासणं आणि घोटणं

साबणाच्या या शेवटच्या फेरीला इंग्रजीत बर्निशिंग म्हणतात, आणि त्या नावानं थोडा गोंधळ होतो. मराठीत आपल्याकडे दोन वेगळे शब्द आहेत आणि ते नेमके आहेत. घासताना पदार्थ निघून जातो. घोटताना तो निघत नाही, दबतो. सोन्याचा मुलामा दिलेल्या चौकटीवर कारागीर अकीकाचं गुळगुळीत टोक बसवलेलं हत्यार दाबून फिरवतो, तेव्हा सोन्याचा कण न कण जागेवर राहतो, फक्त उंचवटे दबून खळग्यांत बसतात आणि ओप चढतो. जुन्या हस्तलिखितांचा कागदही असाच गुळगुळीत दगडानं घोटलेला असायचा, म्हणून त्यावर बोरू अडखळत नसे. सोने-चांदीच्या दागिन्यांसाठी पोलादाच्या गुळगुळीत गोळ्या घातलेलं फिरतं पिंप वापरतात, त्यातही हेच घडतं: गोळ्या धातूला दाबतात, घासत नाहीत.

धातू मऊ असतो, दबतो. दगड दबतो का? मोठमोठ्या माणसांनी या प्रश्नावर विचार केलेला आहे. न्यूटननं १७०४ साली प्रसिद्ध झालेल्या ‘ऑप्टिक्स’ या ग्रंथात काचेच्या पॉलिशबद्दल लिहिलं आहे. त्याचं म्हणणं असं की पॉलिश म्हणजेसुद्धा ओरखडेच, फक्त दिसणार नाहीत इतके बारीक. विसाव्या शतकाच्या सुरुवातीला जॉर्ज बेल्बी यानं वेगळा विचार मांडला: घर्षणानं पृष्ठभागाचा अगदी पातळ थर वाहतो आणि खळगे भरतो. पुढच्या अभ्यासातून दिसलं की पदार्थ आणि पूड यांच्या जोडीवर बरंच अवलंबून असतं. काचेवर सिरियम ऑक्साइड वापरलं तर घर्षणाबरोबर पाण्याच्या साथीनं रासायनिक कामही चालतं. अकीकाला ॲल्युमिनियम ऑक्साइडनं पॉलिश करणाऱ्या आपल्यासारख्यांना न्यूटनचं उत्तर कामापुरतं पुरतं.

आता साबणाच्या फेरीत तर पूडच नसते. अकीकावर अकीक लोळतो, दोघांचाही कठीणपणा मोहसच्या मापावर सातच्या आसपास. साबणानं निसरड्या झालेल्या पाण्यात तासाभरात कुणी कुणाला दाबत नाही आणि सांगण्यासारखं घासतही नाही. म्हणून मी स्पष्टच लिहितो: दगडांच्या बाबतीत ही फेरी घोटण्याची कमी आणि धुण्याची जास्त आहे. नाव भारदस्त आहे म्हणून तिच्याकडून नवी चमक मागू नये. झालेली चमक ती मोकळी करते.

४. दोन माणसं आणि चामड्याची पिशवी

टम्बलर हा अमेरिकेतून आलेला छंद वाटतो, पण त्यामागची कल्पना आपल्या शेजारी फार जुनी आहे. गुजरातेत खंभात हे अकीकाच्या मण्यांचं गाव. दगड येतो भरूचजवळच्या रतनपूरच्या खाणींतून. वीज येण्याआधी तिथे मण्यांना शेवटची झिलई देण्याची रीत अशी होती: चामड्याच्या पिशवीत मणी भरायचे, बरोबर कुरुंदाची पूड, अकीकाचीच बारीक भुकटी आणि पाणी घालायचं, पिशवीचं तोंड बांधायचं, आणि समोरासमोर बसलेल्या दोन माणसांनी ती एकमेकांकडे लोटत राहायचं. तास-दोन तास नव्हे, दिवसचे दिवस, पंधरवडासुद्धा. आपलं रबराचं पिंप म्हणजे ती पिशवी, आणि मोटर म्हणजे ती दोन माणसं. आता तिथेही विजेवर फिरणारी पिंपं आली आहेत.

या धंद्याला महाराष्ट्राचा जुना धागा आहे. इसवी सनाच्या पहिल्या शतकात एका ग्रीक भाषक व्यापाऱ्यानं लिहिलेल्या ‘पेरिप्लस’ या समुद्रप्रवासाच्या माहितीपत्रात म्हटलं आहे की पैठणहून गोमेद जातीचा दगड मोठ्या प्रमाणावर गाड्यांतून, वाटा नसलेल्या मुलखातून भरूच बंदराकडे जातो. भरूच ते पैठण हे अंतर त्यानं वीस दिवसांचं दिलं आहे. हा दगड गोदावरीच्या खोऱ्यात येतो कुठून? सुमारे साडेसहा कोटी वर्षांपूर्वी लाव्हाचे थर साचले, त्यांत वायूचे बुडबुडे अडकून पोकळ्या राहिल्या, आणि नंतर त्यांत झिरपलेल्या पाण्यातून सिलिका थराथरानं बसत गेली. तोच अकीक. भोवतालचा काळा दगड झिजून माती झाला, अकीक टिकला आणि नद्यांच्या वाळूगोट्यांत आला.

इथे थोडं थांबून एक विनंती. गोदावरी-प्रवरेच्या काठी दगड वेचताना एखादा तुकडा कडेनं मुद्दाम छिलके काढल्यासारखा दिसला, धार असलेला दिसला, तर तो पिंपात घालू नका. नेवाशाला डॉ. ह. धी. सांकलिया यांनी १९५४ ते ५६ या काळात उत्खनन केलं, आणि त्या परिसरातून अश्मयुगीन माणसाची अकीक, जॅस्पर अशा दगडांची हत्यारं उजेडात आली. तशी एखादी वस्तू आपल्या हाती आली असेल. टम्बलरमध्ये महिनाभरात तिच्यावरची माणसाच्या हाताची सगळी खूण पुसली जाईल. तुकडा होता तिथेच ठेवावा, जागा लिहून ठेवावी आणि पुरातत्त्वाच्या जाणकाराला कळवावं.

आणि खंभातचा विषय निघालाच आहे तर हेही सांगायला हवं. अकीक कोरडा घासताना उडणारी धूळ श्वासातून फुप्फुसात जाऊन बसते. तिथल्या घासणी करणाऱ्या कारागिरांमध्ये सिलिकोसिस हा बरा न होणारा आजार आढळला आहे. घरी आपलं काम पाण्यातलं, म्हणून धूळ उडत नाही. पण पिंपातला गाळ सांडून वाळला की तो पुन्हा धूळ होतो. तो कधीही कोरडा झाडू नये, ओल्या फडक्यानं टिपावा.

५. साबण काय करतो

साबणाच्या रेणूचं एक टोक पाण्याकडे ओढ घेतं, दुसरं पाण्यापासून पळतं. हे रेणू पुडीच्या कणाभोवती आणि दगडाच्या पृष्ठभागावर गोळा होतात, कण सुटा करतात आणि सुटलेला कण पाण्यात तरंगत ठेवतात, पुन्हा बसू देत नाहीत. वर पाणी निसरडं होतं, त्यामुळे दगड एकमेकांवर आपटण्याऐवजी घसरतात. चमक आलेल्या दगडाला आता टोला बसणं सगळ्यांत महागात पडतं, म्हणून हे निसरडेपणही तितकंच मोलाचं.

अमेरिकन पुस्तकांत या कामासाठी आयव्हरी नावाची साबणाची वडी सांगितलेली असते. त्यामागचं कारण एवढंच की ती साधी आहे. आपल्याकडे कुठलीही साधी, रंग आणि खरखरीत कण नसलेली आंघोळीची वडी चालते. स्क्रबची वडी नको, भांड्यांचा बार तर अजिबात नको: त्यात घासण्यासाठी पूड घातलेली असते आणि ती आपल्या कामातला नारळ ठरेल.

आपल्याकडे एक अडचण अशी आहे जी त्या पुस्तकांत ठळकपणे येत नाही, ती म्हणजे बोअरचं पाणी. जड पाण्यात कॅल्शियम आणि मॅग्नेशियमचे क्षार असतात. साबण त्यांच्याशी जोडला जाऊन न विरघळणारा पांढरा चोथा तयार होतो, बादलीच्या कडेला चिकटतो तोच. मी पहिल्यांदा ही फेरी केली ती अशाच पाण्यात, आणि दगड आधीपेक्षा पांढरे निघाले. वाटलं, महिन्याचं काम गेलं. व्हिनेगर घातलेल्या पाण्यानं पुसल्यावर तो थर उतरला आणि खालची चमक जशीच्या तशी होती. तेव्हा शेवटच्या फेरीला फिल्टरचं किंवा पावसाचं पाणी घ्यावं.

साबणाऐवजी किंवा साबणाबरोबर टाकणखारही चालतो. सोनाराच्या डाक लावण्याच्या कामात असतो तोच. तो पाणी मऊ करतो आणि मळ सोडवायला मदत करतो. कॅरमच्या पटावर टाकतात ती बोरिक पावडर म्हणजे टाकणखार नव्हे, त्या दोन वेगळ्या वस्तू आहेत. आणि टाकणखार लहान मुलांच्या हाती लागेल असा ठेवू नये.

६. तो एक तास

दीड किलोच्या पिंपाचं उदाहरण घेऊ. पॉलिश झालेले दगड आणि त्यांच्याबरोबर पिंप भरायला घातलेल्या सिरॅमिकच्या गोळ्या मिळून साधारण एक किलो भरतात. आधी सगळं वाहत्या पाण्याखाली धुऊन घ्या. दगड चाळणीत ओतू नका, हातानं एकेक उचलून ठेवा. चमक आलेले दगड एकमेकांवर पडले तर कडांना टवके उडतात. पिंप, झाकण आणि ती खोबण टूथब्रशनं धुवा. पॉलिशच्या फेरीसाठी पिंपच वेगळं ठेवता आलं तर फारच उत्तम, गोळ्या तर प्रत्येक फेरीच्या वेगळ्या असाव्यातच.

साबण किसणीवर किसा. किलोभर दगडांना पोह्यांचा एक चमचा कीस पुरतो. दगड आणि गोळ्या पिंपात मांडा, पिंप दोन तृतीयांशापेक्षा कमी भरत असेल तर गोळ्या वाढवा. रिकामं पिंप म्हणजे उंचावरून पडणारे दगड. वरच्या थराच्या जरासं खाली येईल इतकं पाणी घाला. पाणी कोमट चालेल, कढत नको, एकदम तापलेला अकीक तडकू शकतो. झाकण लावा आणि तासभर फिरवा.

दहा मिनिटांनी कान देऊन ऐका. पॉलिशच्या फेरीतला आवाज पावसाच्या सरीसारखा असतो, तो आता मऊ, दबका व्हायला हवा. टणटण ऐकू आली तर पिंप कमी भरलं आहे, थांबवून गोळ्या घाला. झाकणाच्या कडेनं फेस यायला लागला तर साबण जास्त झाला, पुढच्या वेळी कीस निम्मा करा.

तासानंतर झाकण उघडलं की पाणी दुधासारखं झालेलं दिसेल. ते दूध म्हणजे दगडांवरची साय. काही जणांचं पाणी पहिल्याच खेपेला स्वच्छ निघतं, त्यांनी दगड आधी नीट धुतलेले असतात. माझं तसं क्वचित होतं. पाणी दाट पांढरं असेल तर ते काढून, नवा साबण घालून अर्धा तास आणखी फिरवतो. मग साध्या पाण्यात दोनदा विसळून जुन्या मऊ सुती साडीच्या तुकड्यानं पुसतो. टॉवेल नको, त्याचे धागे सुटून खळग्यांत अडकतात.

पिंपातलं पाणी मोरीत ओतू नका. पहिल्या फेऱ्यांचा गाळ तर नाहीच नाही, तो नळीच्या वळणावर बसून सिमेंटसारखा घट्ट होतो. जुन्या बादलीत साठवून निवळू द्या, वरचं पाणी काढा आणि तळाचा गाळ ओला असतानाच पिशवीत बांधून कचऱ्यात टाका.

७. तरीही साय गेली नाही तर

दगड वाळवला, ट्यूबलाइटखाली धरला, अजून धूसर आहे. आता भिंगातून बघा. धूसरपणा कुठे आहे त्यावर कारण कळतं.

फक्त खळग्यांत आणि भेगांत पांढरं दिसत असेल तर पूड अडकलेली आहे. टूथब्रश, लाकडी दातकोरणी आणि आणखी एक साबणाची फेरी. खोल भेगांतली पूड कधी कधी निघतच नाही. असा दगड पहिल्या फेरीनंतरच बाजूला काढायचा होता.

सगळ्या पृष्ठभागावर सारखाच मंदपणा असेल आणि कितीही धुतलं तरी जात नसेल, तर वर काही चिकटलेलं नाही. खालचेच चरे मोठे आहेत. ५०० नंबरची फेरी कमी पडली किंवा तिच्यात जाड कण शिरला. इथे साबण काही करू शकत नाही. तो दगड तिसऱ्या फेरीत परत न्यावा लागतो आणि आठवडा नव्यानं द्यावा लागतो. बऱ्याच जणांना हे पटत नाही, ते साबणाच्या फेऱ्या दोन-दोन दिवस चालवत बसतात. चरा ५०० नंबरचा असेल तर साबण त्याला बुजवणार कसा?

तिसरी खूण कडांवर असते. उंच भागांवर बारीक पांढऱ्या चंद्रकोरी दिसतात. हे टोल्यांचे वण, काचेला खडा लागल्यावर उमटतात तसे. पिंप कमी भरलेलं, पाणी जास्त, किंवा मोठ्या दगडांबरोबर पुरेशा लहान गोळ्या नाहीत. चंद्रकोर पृष्ठभागाच्या आत असते, तेव्हा तिथेही परत मागेच जावं लागतं.

एखादा मऊ दगड अकीकाबरोबर गेला असेल तर मात्र त्याच्यावर वेळ घालवू नका. कॅल्साइट मोहसच्या मापावर तीन, आपल्याकडच्या खाणींत सापडणारे झिओलाइट साडेतीन ते साडेपाच. सातच्या अकीकानं त्यांना आधीच खाल्लेलं असतं. झिओलाइटचे स्फटिक तर पिंपात घालायचेच नसतात. ते जसे उगवले तसेच कापसावर ठेवून बघण्याची वस्तू आहेत.

प्रवरासंगमाला वेचलेला एक मधाळ रंगाचा अकीक माझ्याकडे आहे, अंगठ्याएवढा. साबणाच्या फेरीनंतर त्याच्या एका बाजूला ट्यूबलाइटची रेघ केसासारखी बारीक उमटते, दुसऱ्या बाजूच्या उंच कडेवर तीन चंद्रकोरी आहेत. दोनदा पॉलिश करून झालं, त्या तिथेच. परवा तो धुऊन, पुसून, आठ नव्या दगडांबरोबर पुन्हा ५०० नंबरच्या पिंपात ठेवला आहे. बुधवारी उघडायचा.